मिसरीचा डबा आणि माझा रिपोर्ट

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला कधी पत्र लिहिलं नाही. आता लिहिते, कारण मागच्या महिन्यात नगरहून माझा रिपोर्ट आला. तुला झाला तोच फुफ्फुसाचा कॅन्सर मला झालाय, आणि तुझ्यासारखाच तो मेंदूत पोचलाय. दोन गाठी आहेत. मी जन्मात विडी ओढली नाही, मिसरी लावली नाही. तरी भेटायला आलेली थोरली काकू बिस्किटाचा पुडा ठेवता ठेवता म्हणालीच, "आईचंच आलं गं. तिनं लई मिसरी घासली, तू भोगतीयस."

मी तिला तिथंच अडवलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून समजावलं होतं. गाठीच्या तुकड्यातली जनुकं तपासली, त्यातल्या एकात बदल सापडला. तंबाखूला हात न लावणाऱ्या बायकांतही ही खूण पुष्कळदा सापडते. बहुतेक वेळा ती आईकडून लेकीकडे येत नाही, फुफ्फुसातच पुढं कधीतरी तयार होते. मी म्हटलं, "काकू, आईनं मला हे दिलेलं न्हाई. तिनं दिली ती जीभ, आन् ती आजून चालती." काकू चहा न घेता गेली. जाऊ दे. या खुणेवर गोळी निघालीये, मेंदूपर्यंत पोचणारी. रोज सकाळी घेते. तीन महिन्यांनी डोक्याचा फोटो पुन्हा काढायचाय. गाठी आटल्या तर बरंच, नाही आटल्या तर पुढचं विचारीन. मान खाली घालून बसणार नाही.

तुझ्या वेळी मात्र आम्ही विचारलंच नाही. देवळाली-प्रवरेच्या घरात तू मिठाला उंबरा म्हणायला लागलीस, भाकरी उलटायची विसरायला लागलीस, तेव्हा आम्ही तुला लिंबू उतरवणाऱ्या देवर्षीकडे नेलं. त्याच्या लिंबांत तीन आठवडे गेले. मग दवाखान्यात फुफ्फुसाचं नाव निघालं आणि सगळ्यांची नजर तुझ्या मिसरीच्या डब्यावर गेली. कारण सापडलं, मग गाठीचा तुकडा कशाला तपासायचा? शाळेच्या चुलीवर तू वर्षानुवर्षं ओली लाकडं फुंकून पोरांची खिचडी शिजवलीस, त्या धुराचं नाव कुणी काढलं नाही. ती खिचडी आम्ही सगळ्यांनी खाल्ली होती. तुझ्यात कोणती खूण होती ते आता कळायचं नाही. पण तुझ्या तोंडावर तुला दोषी ठरवायचा हक्क आम्हाला कुणी दिला होता? मला राग येतो आई, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

शेवटच्या आठवड्यात तुला माझं नाव आठवत नव्हतं, डबा आठवत होता. "माझा डबा कुठं हाय गं? चिमूटभर दे." मी कडक आवाजात म्हणाले, "प्रवरेत टाकला. त्यानंच हे दिवस दाखवले." "व्हय," म्हणालीस, "माझंच चुकलं." आणि भिंतीकडं वळलीस.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी धीर झाला नसता. डबा मी टाकला नव्हता, आई. तू मागत होतीस तेव्हा तो पिठाच्या डब्यामागं होता, तुझ्या खाटेपासून चार पावलांवर.