खिशातला तांदूळ

दुर्गाबाई, तुह्या पाया पडते.

मी सुरतेत मजेत आहो. मी शिवलेल्या चिंध्यांच्या गोधड्या लोकं भिंतीवर टांगाले नेऊन राहिले, आई ऐकून हासन. तिचे गुडघे कसे आहेत?

काल भंगारवाल्याच्या गठ्ठ्यात निळा सदरा निघाला. खिशाच्या शिवणीत लाल धाग्यानं शिवलेला तांदूळ. घर सोडताना असा दाणा आपली आईच शिवते. माहा माह्याजवळ आहे. मंग हा आपल्या भावाचा, मनिरामचा.

घरी परतल्याबिगर तो सदरा कोणाले देत नाहीत. तरी त्यानं देला असन, नाही? त्याचा फोन आला का?

आईले हे वाचून दाखवू नको. मी कैची बाजूले ठेवून देली.

मनिराम बोलला तं सांग, तुहा दाणा मी उसवला नाही. घ्याले ये म्हणावं.

तुही धाकटी,
पुष्पांजली