बुचावरची नजर

मुलुंड, ता. ९ नोव्हेंबर १९५४

सौ. मालनवहिनीस,
सा. न. वि. वि.

दादाचं कार्ड काल मिळालं. घरी सगळे बरे असल्याचं एका ओळीत आणि बाकी कार्डभर तुझाच पराक्रम. बाबा दर रविवारी तुला मार्व्याच्या खडकांवर नेतात, गळाने मासे धरायला शिकवतात, तुझ्या हाताला पेलेल अशी बांबूची काठीही त्यांनी तासली आहे म्हणे. वाचून आनंद झाला.

इथे घरी प्रेमामावशीची सांधेदुखी थोडी कमी आहे. शाळेचं ठीक चाललं आहे. आज मात्र सातवीच्या वर्गात मी आठवीचा धडा शिकवून आले. मुलींनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

एक विचारते, राग मानू नकोस. तू कऱ्हाडची. लग्न होऊन मालाडला येईपर्यंत तू समुद्र पाहिला नव्हतास. मी तिथेच वाढले, बाबांची पोटची मुलगी, आणि मला ते एकदाही तिकडे घेऊन गेले नाहीत. रविवारी मी डोळे उघडेपर्यंत काठी कोपऱ्यातून नाहीशी झालेली असायची. अर्थात मला त्याचं काही नाही. चातुर्मासापासून मी मासे सोडले आहेत, हे तुला माहीत आहे. कुणाचा जीव घेऊन आपण मन रमवावं, हे मला पटत नाही. आठवडाभर गिरणीत उभं राहणाऱ्या बाबांचं मी समजू शकते. तू मात्र थोडा विचार करावास.

दादाला नमस्कार सांग. माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझी नणंद,
पद्मजा

ता. क. काठी किती लांब आहे?

मालाड, ता. १३ नोव्हेंबर १९५४

कु. पद्मजावन्सं यांस,
सौ. मालनचा सा. न. वि. वि.

काठी माझ्या दुप्पट आहे. पराक्रम म्हणाल, तर गळ हातात आला त्या दिवशी पहिली शिकार मामंजींचा सदरा झाली. पाठीवर बोटभर फाटला. शिवलाही मीच.

गौरी-गणपतीला माहेरून कुणी न्यायला आलं नाही, म्हणून मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने रडत होते. मामंजींनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले की सूनबाई, रडायचंच असेल तर मोरीपेक्षा समुद्र मोठा आहे, चला. एवढीच गोष्ट.

पहिले दोन रविवार गळ बांधूच दिला नाही. दोरीला बाटलीचं बूच, त्याच्याखाली हातभर अंतरावर शिशाचा मणी, आणि टोकाला कोळंबी नुसती दोऱ्याने बांधलेली. बूच तरंगतं म्हणून खालची दोरी कपारीत अडकत नाही, मधल्या पाण्यात लोंबते. लाटेने हललेलं बूच कुठलं आणि माशाने ओढलेलं कुठलं, हे डोळ्याला कळल्याशिवाय गळ मिळायचा नाही म्हणाले. शेवाळावर पाय द्यायचा नाही, कालवांनी खरखरीत झालेल्या खडकावर द्यायचा. समुद्राकडे पाठ करायची नाही. भरती निम्मी चढली की मासा लागो न लागो, उठायचं. इतकं सगळं पाळून मी आजवर दोन शिंगाळे धरले, त्यातल्या एकाने जाता जाता मला काटा मारला. आता तुमचं समाधान झालं असेल.

विचार करायला सांगितलात, तो केला. मासे सोडलेत त्या दिवशी तुम्ही मामंजींचं ताट निवेपर्यंत अहिंसेवर बोललात. तेव्हापासून ते टोपली बाहेरच्या नळावर धुतात. तुम्ही घरी येणार असाल तेव्हा काठी शेजारच्या नंदकिशोरभावजींकडे ठेवतात. बाईंना किळस येईल म्हणतात. आता ज्यांना किळस येते त्यांना काठीची लांबी कशाला हवी? वन्सं, तुम्ही जळता आहात.

लहान तोंडी मोठा घास घेतला, तरी जीव लावता तसाच लावत राहा.

आपली,
मालन

मुलुंड, ता. १६ नोव्हेंबर १९५४

सौ. मालनवहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दिवसभर तुला मनात उत्तरं देत होते. एकही खरं निघालं नाही. हो, जळते.

बी.ए. झाल्यापासून बाबा मला 'बाई' म्हणतात. 'अहो बाई, जेवून घ्या.' आधी थट्टा होती. आता थट्टा गेली आणि 'अहो' राहिलं. गिरणीतलं कुणी घरी आलं की मला बोलावतात, माझ्याकडून इंग्रजी पेपर वाचून घेतात, आणि माणूस गेला की आम्हा दोघांना बोलायला काही उरत नाही. लोकांना दाखवायला मी आणि शेजारी बसायला तू. मी इतकी शिकले ती याचसाठी का गं?

रविवारी मी येते. काठी लपवू नका म्हणावं. मला गळ नको, बूच बांधून द्या. त्याने माझ्या तत्त्वाला बाध येत नाही. आणि एक मागते. त्या दिवशी तू येऊ नकोस. मागणं क्षुद्र आहे, मला कळतं. तरी मागते.

रागावलीस तरी माझीच राहा.

पद्मजा

मालाड, ता. १९ नोव्हेंबर १९५४

कु. पद्मजावन्सं यांस,
सा. न. वि. वि.

मामंजींना सांगितलं. तंबाखू मळता मळता हात थांबला. बाईंना ऊन सोसेल का, म्हणाले. थोड्या वेळाने परत, बाईंना खडक टोचेल का. रात्री जेवताना म्हणाले की तुम्हीपण चला सूनबाई, मी एकटा त्यांच्याशी काय बोलू?

मी म्हटलं माझं अंग मोडून आलं आहे. खोटं बोलले तुमच्यासाठी. पण वन्सं, आठवड्यातून तेवढाच दिवस मला माहेरची आठवण येत नाही. एक रविवार दिला. दुसरा मागू नका.

कमीजास्त पोटात घाला.

मालन

मुलुंड, ता. २३ नोव्हेंबर १९५४

सौ. मालनवहिनीस,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी घाईत निघाले, म्हणून आता सविस्तर लिहिते.

टांग्याच्या मागे बाबांनी काय बांधलं असेल? आपली खुर्ची! मी बसावं म्हणून. ती खांद्यावर घेऊन ते खडकांवर चढू लागले तेव्हा जाळी सुकवणाऱ्या बायका हसल्या. मी खुर्ची वाळूवरच ठेवायला लावली आणि ओल्या खडकावर बसले. पुढे कितीतरी वेळ आम्ही दोघं बुचाकडे बघत होतो. बाबा 'अहो, जरा डावीकडे' म्हणायचे आणि मी 'हो' म्हणायचे. मनात म्हटलं, वहिनी असती तर ते हसले असते.

मग बूच थरथरलं. मी काठी ओढली. बांधलेली कोळंबी निम्मी खाल्लेली. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बूच हललं आणि मी उठले, ते नेमकी शेवाळावर पाय देऊन, समुद्राकडे पाठ करून. बाबांनी माझं मनगट इतकं जोरात ओढलं की बांगडी फुटली. आणि वहिनी, ते ओरडले. गाढवे, म्हणाले. पदे, तुला डोळे आहेत की बटाटे, बूच बुडाल्याशिवाय हलायचं नाही म्हणून दहादा सांगितलं ना, म्हणाले. पदी म्हणून मला फ्रॉकात असताना हाक मारत. नंतर एकदाही 'अहो' आलं नाही. परतताना टांग्यात खुर्ची मांडीवर धरून मला शेवाळाबद्दल बोलतच होते.

गळ मागायचा शब्द ओठांपर्यंत आला होता. गिळला. हे मावशीला कळवू नकोस.

सूनबाईंना पहिल्या दिवशी बूच मुळीच कळलं नव्हतं, असंही ते म्हणाले. मला फार बरं वाटलं. लपवत नाही.

येता रविवार तुझा, कबूल. त्याच्या पुढच्या रविवारी आपण दोघी जाऊ. काठी तुझी घे, बाबांशेजारची जागाही घे. पण तू कितीही घसरलीस तरी त्यांनी तुला गाढव म्हटलेलं मला खपणार नाही. ती शिवी माझी आहे.

मनगट अजून दुखतं. लोभ कर, पण जपून.

तुझी,
पदी