जनरेटरच्या दांडीवरची पदकं

प्रिय अल्सीददादा यास, खाडीच्या या काठावरून थिओफीलचा सप्रेम नमस्कार.

तू, वहिनी, मुलं आणि तुमचं छप्पर अजून एकाच ठिकाणी आहात असं धरून चालतो. (छपराची खात्री देत नाही. हिरव्या पत्र्याचा एक मोठा तुकडा आमच्या चर्चच्या अंगणात येऊन पडलाय. तुमचा असेल तर कळव, जपून ठेवलाय.) फोनचे टॉवर आडवे झालेत आणि खाडीवरचा उचलता पूल वर उचललेलाच अडकलाय, म्हणून हे पत्र नोलनच्या कोळंबीच्या बोटीतून पाठवतोय. आमच्याकडचं विचारशील तर फ्रीजमधला मासा बाहेर आणि बाहेरचा मासा घरात, एवढंच. वेधशाळेनं या वादळाला नेमकं तुझ्या पहिल्या बायकोचं नाव द्यावं, याला काय म्हणावं! ती आमच्याकडे दोनदाच आली होती, पण दार उघडायची पद्धत मी लगेच ओळखली. झेनोबी मावशीबद्दल, म्हणजे तुझ्या आईबद्दल, पुढे लिहितोच आहे. पण खुर्ची ओढून घे आणि बसून वाच.

दादा, मला असा धक्का बसलाय की कॉफीत साखरेऐवजी मीठ घालून ती पूर्ण प्यालो आणि रिकामा कप पाहून कळलं. माणसानं सरकारी खरेदीखात्यात हयात काढली की त्याला कशाचंच आश्चर्य वाटत नाही, असा माझा समज होता. आठव, मागच्या मोठ्या वादळात तू तिकडचा खरेदी अधिकारी आणि मी इकडचा, दोघं जनरेटरसाठी फोनवर गळा फाडत होतो, आणि ज्याच्याकडे यंत्र असेल तो आपल्याला नाक घासायला लावत होता. मग वरून हुकूम सुटला की वादळ यायच्या आधीच करार करून ठेवा, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. त्या करारात सुधारणा केली ती मी, हे तुला मान्य करावंच लागेल. कंपनीच्या शब्दावर विसंबायचं नाही, दरवर्षी वादळांचा मोसम सुरू व्हायच्या आधी तिनं जनरेटर जिल्ह्यात आणून, चालवून दाखवायचा, हे कलम माझं! राजधानीतल्या बैठकीत त्यावर टाळ्या पडल्या. किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या जिल्ह्यांनी ते उचललं. तूही आमच्याच अंगणात, आमचेच क्रॉफिश, म्हणजे चिखलातले झिंगे, सोलत बसून ते मागून नेलंस. (आणि आमचा वकील स्वल्पविराम तपासत होता तोवर सही करून मोकळाही झालास. म्हणजे नक्कल तुझी आणि कंपनीच्या यादीत पहिला नंबरही तुझाच. हे मी मनात ठेवलेलं नाही, पण विसरलेलोही नाही.)

आमच्याकडचं प्रात्यक्षिक कसं देखणं झालं! ट्रेलरवर चढवलेला तो पिवळाधमक जनरेटर, घोडागाडीएवढा. कंपनीचे प्रेस्टनसाहेब ओहायोहून खास आले होते. (बूट पांढरे. आमच्या चिखलात!) होड्यांना आशीर्वाद देतात तसा फादर ल्यूकनी जनरेटरलाही दिला, पवित्र पाणी जरा जास्तच शिंपडलं. वृद्धाश्रमातून झेनोबी मावशीला चाकाच्या खुर्चीवरून आणलं होतं, कारण वीज गेली तर जनरेटर पहिल्यांदा वृद्धाश्रमाला जोडायचा असं आमच्या करारात आहे, आणि तिच्या प्राणवायूच्या मशीनला वीज लागते. ती आधी म्हणाली, "अल्सीद नाही का रे आला?" मी म्हटलं, कामात असेल. मग तिनं गळ्यातलं त्वरित मदतीच्या माउलीचं (वादळात आपण जिचा धावा करतो तिचं) पदक काढलं आणि निळ्या फितीनं जनरेटरच्या दांडीला बांधलं. प्रेस्टनसाहेबांनी डोळे पुसले. मला वाटलं, भाविक माणूस आहे.

आता वादळाचं. वारा ओसरला तेव्हा वीज नव्हती आणि वृद्धाश्रमाचा स्वतःचा जुना जनरेटर तळघरात पोहत होता. (तळघरात कोणी ठेवला विचारू नकोस. खरेदी माझी, जागा दुसऱ्याची.) मावशीचं मशीन बंद पडलं. नर्सनं सिलिंडर लावला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हा संध्याकाळपर्यंत पुरला तर नशीब. मी मनात म्हटलं, थिओफील, कशाला घाबरतोस, आपला करार झालेला आहे! पोलिसांचा उपग्रहफोन घेऊन ओहायोला लावला. प्रेस्टनसाहेब लोण्यासारख्या आवाजात म्हणाले, तुमचा जनरेटर निघालाय. कुठवर आला? तुमच्याच भागात आहे. भाग म्हणजे कुठला? तर म्हणे, किनारा.

मी गाडी काढली आणि पडलेल्या झाडांना वळसे घालत उत्तरेच्या रस्त्यानं निघालो. जिथून एक रस्ता तुमच्याकडे फुटतो आणि एक आमच्याकडे, त्या पेट्रोलपंपावर पिवळा ट्रेलर उभा! मला रडूच कोसळलं. धावत जाऊन दांडीला हात लावला, मावशीचं पदक शोधायला. ते होतं रे, निळी फीतही होती. पण त्याच्या शेजारी लाल फितीत दुसरं होतं, मग तिसरं, चौथं, एक सोनेरी, एक बुटाच्या नाडीत ओवलेलं. दांडीभर नुसत्या माउल्या, वाऱ्यावर किणकिणत होत्या! ड्रायव्हर डेल्मस भाताचं सॉसेज खात बोनेटवर बसला होता. त्याला विचारलं, बाबा रे, हे काय? तो म्हणाला, "साहेब, काय सांगू, जिथं न्यावा तिथं फादर! गावोगाव पाणी शिंपडून शिंपडून चालू करायचं बटण गंजलं हो, आता पान्यानं ठोकावं लागतं." मी विचारलं, बाकीचे जनरेटर कुठायत? त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाकीचे? हा एकच की. वसंतात ह्यालाच तर फिरवतो मी सगळीकडे."

एकच, दादा! सगळ्या किनाऱ्याला मिळून एक! माझ्या कलमाप्रमाणे तो प्रत्येक जिल्ह्यात आला, चालला, टाळ्या घेऊन पुढच्या जिल्ह्यात गेला. कंपनीनं करार अक्षरशः पाळला. आणि तो दुसरीकडेही दाखवतात का, हे विचारायचं कलम घालायला माझी अक्कल कुठं चरायला गेली होती? डेल्मसचा फोन सारखा वाजत होता, प्रत्येक जिल्हा म्हणत होता की आमचा आहे. त्याला हुकूम होता की यादीतल्या पहिल्या नंबराला द्यायचा. खाडीपलीकडचे अल्सीद फालगू, त्यांची सही घ्यायची आणि सुटायचं. मी हात जोडले, मावशीचं सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, माझी नोकरी जाईल. अल्सीदसाहेबांनाच देणार."

तेवढ्यात तिथं एक माणूस पुढे झाला आणि म्हणाला, मीच अल्सीद फालगू. अगदी ठसक्यात! तुझी जन्मतारीख बरोबर सांगितली, तुझ्या पहिल्या बायकोचं नाव सांगून आकाशाकडे बोटही दाखवलं. डेल्मसला पटलं. त्या भामट्यानं तुझी सही ठोकली, अगदी तुझ्यासारखी शेपूट काढून, आणि ट्रेलर स्वतःच्या गाडीला जोडून चालता झाला. काय हे दिवस, काय ही माणसं!

वहिनींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझा,
थिओफील

ता. क. तू इथवर बसून वाचलंस ना? तो भामटा मीच होतो. तुझी सही चौथीत असताना माझ्या प्रगतिपुस्तकावर 'थोरला भाऊ' म्हणून ठोकायला शिकलो होतो, ती कामी आली. सिलिंडर संपायच्या आत पोहोचलो. मावशीचं मशीन चालू आहे, बटण पान्यानं ठोकावं लागलं. तुमच्या करारात तो पहिल्यांदा शेरीफच्या पोलीस कचेरीला जोडायचा होता, तिथला एसी त्यामुळे बंद राहिला, शेरीफला माझा सलाम सांग. कंपनीच्या दफ्तरात जनरेटर तुला पोचलाय, तेव्हा प्रेस्टनसाहेबांनी विचारलं तर पोचला म्हण.

ता. क. २. नवीन सुधारणा सुचली आहे: पुढच्या वर्षी सगळ्या जिल्ह्यांनी प्रात्यक्षिक एकाच दिवशी, एकाच वेळी मागायचं. या वेळी आधी मी सही करणार.

ता. क. ३. खरं काम राहिलंच. जनरेटर डिझेल पितोय आणि आमच्याकडचं उद्यापर्यंतच पुरेल. तुमच्या बंदरावर साठा आहे, मला ठाऊक आहे. मी नोलनबरोबर पिंपं पाठव असं लिहिणार होतो, पण मावशीनं पत्र वाचून घेतलं आणि नाकातली नळी बाजूला करून म्हणाली, "पाठव नको लिहूस. जनरेटर त्याच्या नावानं दुसऱ्यानं आणला. डिझेल घेऊन त्याला स्वतः ये म्हणावं."