मैदानाला वाफसा

मंगळवार, १८ नोव्हेंबर

गुडघा पुन्हा सुजलाय. घरी सांगितलं, कॉलेजच्या जिन्यावर पाय घसरला. एरवी उशीर झाला की एकच थाप — प्रॅक्टिकल होतं! मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीला कसलं आलंय प्रॅक्टिकल! पण आईला खरं वाटतं. अप्पा तर विचारतच नाहीत.

मागल्या साली गुडघा मुरगळला तेव्हा तेच म्हणाले होते, "बास झाला खो-खो. पाय मोडून बसलीस तर कोण निस्तरंल?" तेव्हापासून चोरून खेळतेय. खेळायचा कंटाळा नाही. खोटं बोलायचा आलाय. शुक्रवारची मॅच झाली की संघाचा टी-शर्ट खेळाच्या सरांना परत. ठरलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

कॉलेजातून घरी, बारामती ते शेळगाव एस.टी.त उभी. लिहवत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

घोळ घातला!

आमच्या मैदानावर मॅच असली की आदल्या संध्याकाळी शेवटच्या वर्षाच्या मुलींनी पाणी मारायचं, ही कॉलेजची जुनी रीत. धूळ बसते. संघातल्या श्रेयानं पाइप माझ्याच हातात दिला. "स्वप्ने, तू शेतातली. पाण्याचं तुलाच कळतं."

कळतं ते उसाचं! पाइप सोडला नि कडेला बसले. पाणी त्या टोकाला पोचलं की उठायचं, ही घरची सवय. त्यात डोळा लागला. उठून बघते तर दोन्ही खांबांच्या मधे तळं!

खेळाचे रामहरी सर चिखलात चप्पल रुतवून उभे. "पोरी, मैदान हाय हे. हितं काय उसाची लागण करायची हाय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग रडूच आलं.

मॅच आता इंदापूरला हलवली. आणि अप्पा उद्या खत आणायला इंदापुरातच! आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

जिंकलो. जेमतेम एका गुणानं.

दुसऱ्या डावात पळताना दोरीपलीकडे अप्पा दिसले. खताची गोणी खांद्यावर तशीच. तरी पळाले, बाद झाले नाही. मॅच संपल्यावर बघितलं तर सरांशी बोलत होते. माझ्याकडे न येताच गेले.

जेवताना अप्पा आईला खताचे भाव सांगत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं! आई म्हणाली, "झालं का गं प्रॅक्टिकल?" शेवटी मीच म्हणाले, "अप्पा, सोडलं मी. टी-शर्ट देऊन टाकते."

"हं."

बास, एवढंच. मंगळवारी पुढची मॅच, आमच्याच मैदानावर. मी नसेन. फार वाईट वाटतंय.

रविवार, २३ नोव्हेंबर

टी-शर्ट धुतला. घडी घालून पिशवीत ठेवला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पहाटे अप्पा ट्रॅक्टरला फळी जोडत होते. विचारलं, कुठल्या रानात?

"तुज्या. सर म्हनलं, मैदानाला लई पानी पाजलंस. आता चिखल सुकून वाफसा आला असंल. आज फळी मारून सपाट केलं तर उद्या पळाय येतंय. चल, बस."

बारामतीपर्यंत ट्रॅक्टरनं! गुडघ्याला पट्टी बांधायला तेवढा वेळ मागून घेतला.