घाट उतरण्याचा पक्का बेत

४ जानेवारी, सकाळी
ठरलं. बायकोला बाळंतपणासाठी घाटाखाली मीच नेणार. हॉस्पिटल खाली, सासऱ्यांच्या गावात. सासरे फोनवर म्हणाले, जावईबापू, मी येतो जीप घेऊन, तुम्ही कशाला त्रास घेता? नम्रपणे नकार दिला. घाटमाथ्यावर बदली नवीन असली, तरी इतकी वर्षं शहरात गाडी हाकली आहे, तीही ऑफिस सुटायच्या वेळेला. शिवाय टायर कंपनीचा एरिया मॅनेजर. 'ओल्या रस्त्यावरची पकड' या विषयावर माझं प्रेझेंटेशन आहे, रंगीत स्लाइड्ससकट. माझी बायको सासऱ्यांच्या जीपमधून गेली तर धंद्यात तोंड कसं दाखवू?
डॉक्टरीणबाईंनी महिनाअखेरची तारीख दिली आहे. वेळच वेळ. उद्या निघू.

५ जानेवारी
निघालो नाही. धुकं. मला चालतं, पण गाडीला दमट हवा मानवत नाही.

७ जानेवारी
घाटाची ट्रायल घेतली. एकट्याने.
इथल्या लोकांना गाडी चालवता येत नाही. आमच्याकडे फट दिसली की नाक खुपसायचं, आणि मागून कोणी हॉर्न मारला नाही तर आपण जिवंत आहोत का अशी शंका येते. इथे वळण आलं की ही मंडळी बैलगाडीच्या वेगाला येतात. काच खाली, रेडिओ बंद, गाडीतली सगळी माणसं चिडीचूप. धुक्यात पलीकडून कोण येतंय ते ऐकतात म्हणे! वर आणखी चढणाऱ्या गाडीचा मान मोठा. उतरणाऱ्याने मुकाट्याने मागे घ्यायची.
मी आमच्या पद्धतीने एका जीपला ओव्हरटेक केलं. वळणापलीकडे ट्रक. तो चढणारा, म्हणजे रिव्हर्स माझ्या गळ्यात. डावीकडे दरी. धुक्यामुळे तळ दिसत नव्हता, ते एका परीने बरंच.
घाबरलो नाही. फक्त पाय ब्रेकवरून उठेना. ट्रकवाला उतरला, मला शेजारच्या सीटवर सरकवलं, गाडी मागे घेतली, पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, पहिल्यांदा होतं असं. त्या जीपमधलं कोणी शिवीसुद्धा दिली नाही. आमच्याकडे निदान आईबहीण काढली असती, जरा बरं वाटलं असतं. ट्रकवाल्याला माझं कार्ड दिलं. म्हणजे कामाचं कामही झालं.

८ जानेवारी
झोप नाही. डोळा लागला की पाय ब्रेक दाबतो. बायकोच्या नडगीला लागलं. म्हणाली, स्वप्नात इतका फिरतोयस तर मलाही खाली सोडून ये.

११ जानेवारी
रेडिओवर सांगितलं, सावलीतल्या वळणांवर बर्फाचा पातळ थर आहे. आमच्याच कंपनीच्या पत्रकात लिहिलंय, अशा हवेत अनावश्यक प्रवास टाळा. तारीख महिनाअखेरची, म्हणजे आजचा प्रवास अनावश्यक. पत्रक मीच लिहिलं होतं. गाडी धुतली.

१३ जानेवारी
बायकोने बॅग दारात आणून ठेवली. येताजाता पायात येते.
सासऱ्यांचा फोन, येऊ का? म्हणालो, नको, रस्ता वाईट आहे, या वयात रिस्क घेऊ नका. ते म्हणाले, कालच वर येऊन भाजी देऊन गेलो ना. फुशारकीची सवय, दुसरं काय.
बायको तिथेच उभी होती. म्हणाली, भीती वाटते एवढं एकदा म्हण, मी कोणाला सांगणार नाही. मी विचारलं, भीती कोणाला? ती म्हणाली, बरं. ते 'बरं' मला आवडलं नाही.

१६ जानेवारी
लख्ख ऊन. कारण सापडेना. निघालो.
पहिलं वळण दिसलं. परत फिरलो. गॅस बंद केलाय का ते बघायला हवं होतं. बंद होता. मग जेवायची वेळ झाली, मग ऊन कललं.
बायकोने बॅग गाडीतून काढून पुन्हा दारात ठेवली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि थोडा रडलो. खरं सांगायचं तर दरीत मी एकटा गेलो तर जाईन. ती दोघं माझ्या गाडीत असतील, त्याचीच भीती वाटते. हे वाक्य उद्या खोडायचं.
सासऱ्यांना बोलवावं का? उद्या ठरवू.

२० जानेवारी, हॉस्पिटल
काल सकाळी कळा सुरू झाल्या. तारखेआधीच. डॉक्टरीणबाईंचा हिशोब कच्चा. बाहेर धुकं, त्यात पाऊस. सासऱ्यांना फोन केला. म्हणाले, निघालोच, पण तुम्हीही निघा, वाट बघत बसू नका.
मी स्टिअरिंगवर बसलो. किल्ली लागेना. किल्ली ठीक होती, मी नव्हतो. बायको पावसात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, सरक. मी नॅव्हिगेशनची जबाबदारी घेतली.
तिने गाडी काढली; गाडी ती याच घाटात शिकली, वडिलांच्या जीपवर. वळण आलं की काच खाली, श्वास रोखून ऐकायचं, मग पुढे. कळ आली की रुंद जागा बघून थांबायची, स्टिअरिंग गच्च धरायची, कळ ओसरली की पुन्हा गिअर टाकायची. एका वळणावर माझ्याकडे वळून म्हणाली, कळा मला येताहेत आणि बोंबलतोयस तू! गप्प बस, पलीकडचं काही ऐकू येत नाहीये. मी बोंबलतोय हे मला तोवर माहीत नव्हतं.
अर्ध्यावर सासऱ्यांची जीप भेटली. चढणीचा मान त्यांचा, तरी त्यांनीच मागे घेतली, वळवली आणि पुढे झाले. जीप तिथे सोडून ते आमच्या स्टिअरिंगवर बसले असते तर रस्ता अडला असता. शेवटपर्यंत त्यांच्या लाल दिव्यांमागे बायकोनेच चालवली.
हॉस्पिटलच्या दारात नर्स व्हीलचेअर घेऊन धावत आली. ड्रायव्हरच्या सीटवरून एक बाई उतरली. शेजारी मी, पांढराफटक, बॅग छातीशी कवटाळून. नर्सने खुर्ची माझ्या बाजूला आणली. वाद घालण्याची ती वेळ नव्हती. बसलो. बायको मागून चालत आली.

२१ जानेवारी
मुलगी. सासरे म्हणाले, डोळे आईचे आहेत. बाकीचं कोणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही.
दोघी ठणठणीत. उद्या घरी सोडणार. माझं बी.पी. बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांना अजून दोन दिवस राहू दे.