बोअरच्या पाण्याचं मोरपीस

प्रिय प्रियंका,

मॅडम लिहीत नाही, तू माझ्या पोरीएवढी, खुशीएवढी आहे. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नको, शेवटपर्यंत वाच.

मी अजून प्रयोगशाळेत बशाच धुते, तुझ्या जागी नवे सर आले. तेही तुझ्यासारखंच करतात. काचेच्या बशीत तांब्याच्या क्षाराचं पाणी, त्यात होमिओपॅथीच्या औषधाचा थेंब, अन् सुकेपर्यंत दार बंद. सुकलं की नक्षी येते. तुझ्या वेळी नुसत्या पाण्याच्या बशीत काटेकुटे यायचे, औषधाच्या बशीत मोरपीस. तू मले हात धरून नेऊन दाखवलं होतं. किती खूश होती तू.

तेव्हाच खुशीच्या बापाले टीबी निघाला. सरकारी गोळ्यांनी त्याले मळमळायचं. मी त्या चुलीत टाकल्या अन् होमिओपॅथीचे थेंब सुरू केले. तुले कळलं तर तू माझ्यावर ओरडली, "मावशी, काचेवर औषध दिसते, माणूस नाही दिसत. गोळ्या बंद करू नको." मी ऐकलं नाही. मोरपीस मी डोळ्यानं पाहिलं होतं.

पोळ्यानंतर तो गेला. तेरवीले तू बाभुळगावले आमच्या घरी आली, तर साऱ्या तांड्यासमोर मी तुले दारातून परत धाडलं. म्हटलं, तुझ्या मोरपिसानं माझा माणूस खाल्ला. तू आल्या पावली फिरली. आठ दिवसांत काम सोडलं.

आता ऐक. मागच्या सोमवारी सरांनी औषध न टाकताच बशा लावल्या. निम्म्या बशांत मोरपीस आलं. सर डोकं धरून बसले, मले पाहताच समजलं. शुद्ध पाण्याची कॅन तिसऱ्या मजल्यावर चढवता चढवता गुडघे जायचे, म्हणून निम्म्या बशा मी बोअरच्या पाण्यानं धुवायची. त्या खाली ठेवायची, चांगल्या वर. तू वरून घेत जायची, आधी पाण्यासाठी, मग औषधासाठी, म्हणून औषध नेमकं बोअरच्या बशांत पडायचं. आमच्या माठाले जो पांढरा थर चढते, त्याचंच ते मोरपीस होतं पोरी.

सरांना सगळं सांगितलं. कामावरून काढतील तर काढोत.

ऑफिसातली निकिता म्हणते, तू पांढरकवड्याले कपड्याच्या दुकानात बसते अन् या कामाचं नाव काढू देत नाही. म्हणून लिहिलं. त्याले तू नाही मारलं. बशा मी धुतल्या, गोळ्या मी जाळल्या. माफी मागत नाही, देऊही नको. तुझ्या साऱ्या बशा कॅनच्या पाण्यानं दोनदा धुवून कापडात बांधून ठेवल्या आहेत. येऊन घे, पुन्हा लावून पाहा.

तुझीच, अजून मानत असशील तर,
बिजलीमावशी