वाटेवरचा माणूस

परंडा, सोमवार, ८ जानेवारी २०२४

पोचले एकदाची! प्रसेनजितनं बेंबळीहून मोटारसायकलवर आणून सोडलं. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण थाट मोठ्या भावाचा. बॅग माडीवर चढवली, खोलीची कडी नीट लागते का ते स्वतः बघितलं, मगच निघाला. ताई, रोज संध्याकाळी फोन करीन, उचलायचा, असा दमही दिला.

ज्यांचं चित्र दुरुस्त करायला आले ते नानासाहेब निवृत्त चित्रकलाशिक्षक. एकटेच राहतात, स्वयंपाकाला कडूबाई येतात. माझ्या खिडकीसमोर डेरेदार चिंच आहे, तिच्याआड किल्ल्याचा बुरूज लपलाय.

आणि चित्र! संग्रहालयात इतकी वर्षं जुनी चित्रं दुरुस्त करते, पण असं पाहिलं नव्हतं. चार हात लांब जाड कापड. आकाश तैलरंगातलं, मळकट जांभळं. जमीन आणि झाडं रेशमी कशिद्याची. तळं कलईचा पत्रा ठोकून बसवलेलं. रंग कुठं संपतो आणि दोरा कुठं सुरू होतो, बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. काठावर एक बाई, अलीकडं एक चिंच, फिकट वाट, वाटेवर पाठमोरा माणूस. हा देखावा कुठल्या गावचा नाही. कुणाच्या तरी मनातल्या एकटेपणानं जमीन-पाण्याचं रूप घेतलंय. रंगकाम नानासाहेबांचं, कशिदा त्यांच्या बायकोचा, दीपमालाबाईंचा. कसर लागून चिंचेचे आणि माणसाचे बरेच टाके गेलेत. पंधरा दिवसांचं काम.

बुधवार, १० जानेवारी

चिंच पूर्ण झाली. हिरव्याच्या पाच छटा लागल्या. नानासाहेब बराच वेळ बघत उभे राहिले. म्हणाले, आता सावली झाली. मला फार बरं वाटलं. प्रसेनजितला फोनवर सगळं सांगितलं, तो जांभया देत ऐकत होता.

गुरुवार, ११ जानेवारी

सकाळी खिडकी उघडली तर समोर सरळ बुरूज. चिंच नाही. खाली जाऊन बघितलं. खोड नाही, मुळ्या नाहीत, जमीन वर्षानुवर्षं तुडवलेली असावी तशी टणक. कडूबाईंना विचारलं. त्या हसल्या. "हितं कवा चिंच व्हती? तीस वर्सं झाली मला या घरात." पण सोमवारी मीच इथं लिहून ठेवलंय. अक्षर माझं आहे.

प्रवासाचा शीण असेल. दुसरीकडंच कुठं झाड पाहिलं असेन. काम सुरू ठेवते.

रविवार, १४ जानेवारी

वाटेवरचा माणूस संपवला. नुसती बाह्यरेषा उरली होती, आतलं मीच भरलं. करताना लक्षात आलं नाही, डावा खांदा थोडा खाली उतरला. प्रसेनजितचा उतरतो तसा. हाताला ओळखीचीच माणसं येतात. त्याला दाखवून चिडवायचं ठरवलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला नाही.

सोमवार, १५ जानेवारी

त्याच्या नंबरवर उमरग्याचा कुणी ईरण्णा बोलला. नंबर बारा वर्षांपासून त्याचाच आहे म्हणतो.

आईला फोन केला. प्रसेनजित कुठाय, विचारलं. ती गोंधळली. "कोण प्रसेनजित? संघप्रिया, तुला बरं न्हाय का बाळा? मला तू एकटीच."

मंगळवार, १६ जानेवारी

बेंबळीला जाऊन आले. त्याच्या खोलीत कडब्याच्या पेंढ्या. माझ्या पदवीच्या फोटोत माझ्या शेजारी नुसती भिंत. आई माझ्या कपाळाला हात लावून बघत होती. माझ्यासाठी रडत होती, त्याच्यासाठी नाही. तिच्याकडं रडायला तो नव्हताच.

परत आले. तो इथं आहे, चित्रातल्या वाटेवर.

बुधवार, १७ जानेवारी

नानासाहेबांना चित्रापुढं उभं करून जाब विचारला. त्यांनी नाकारलं नाही. काठावरची बाई म्हणजे दीपमालाबाई. तिनंच त्यांना टाका शिकवला, आणि त्यांनी हौसेनं तिलाच टाक्यांनी चित्रात भरली. दुसऱ्या दिवशी तिच्या आईबापांनाही ती माहीत नव्हती. टाका घालणाऱ्यालाच तेवढं आठवतं.

मग मला का बोलावलं, मी ओरडले.

"तिला ऊन लागत होतं, बाई. मी फक्त झाड मागितलं होतं. माणूस तुम्ही तुमच्या हातानं भरला."

सगळं उसवते म्हटलं. ते म्हणाले, मीही एकदा तिचं तोंड उसवलं होतं. ती आली नाही. तिचा चेहरा मात्र माझ्यातून गेला. तेवढा परत भरता आला नाही.

चित्रात त्या बाईच्या चेहऱ्याच्या जागी कोरं कापड आहे. मला वाटलं होतं, कसर.

गुरुवार, १८ जानेवारी

तीन टाके उसवले. फक्त तीन, मानेजवळचे —

तो हसायचा कसा? हसायचा हे माहीत आहे. आवाज — नाही आठवत. किती आठवून बघितलं.

पुन्हा उसवणार नाही. जाळणारही नाही. तो फक्त माझ्यात उरलाय.

शुक्रवार, १९ जानेवारी

चित्र घेऊन निघायचं ठरवलं. दुपारची कुर्डुवाडीची गाडी. चित्राच्या खोलीला आतून कडी. नानासाहेब आतून बोलले. झाड झालं, पण इतकी वर्षं तिच्याशी बोलायला कुणी नाही. तुमचा भाऊही तिथं एकटाच —

माझी सुयांची डबी टेबलावर नाही.

शनिवार, २० जानेवारी. सकाळ

दाराच्या फटीतून दिसतंय. म्हातारे हात, पण टाका सरळ. काठावर नव्या बाईचा पदर झालाय. माझ्या साडीचाच रंग. दार ठोठावलं, पाया पडते म्हटलं, ते मान वर करत नाहीत —

आईला फोन. तिनं विचारलं, कोण बोलतंय —

दुपार

आता ते तिचे केस भरतायत. कडूबाई चहा घेऊन आल्या. एकच कप. माझ्या अंगाला घासून पुढं गेल्या, दारातून नानासाहेबांना विचारलं, "ती चितर नीट करणारी बाई कवा येनार हाय वो?"

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, कडूबाई, मी इथंच, मी संघ—